मागच्या सीटवरचा गारवा

१

शमशेर मुलाणी गाडीचा एसी कानानं तपासायचा. बॉनेट उघडायच्या आधी तो मालकाला इंजिन चालू करायला लावायचा, एसीचं बटण दाबायला सांगायचा आणि डोळे मिटून बंपरपाशी उभा राहायचा. कॉम्प्रेसर 'टक' करून लागला की मान हलवायचा. तेवढ्या आवाजावरून त्याला अर्धा आजार कळे, आणि उरलेला अर्धा पाइपला हात लावून. साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. त्याआधी बरीच वर्षं त्यानं आखातात काढली होती, आणि ती त्यानं कुणाला विसरू दिली नव्हती. "पन्नास डिग्रीत शेखांच्या गाड्या गार केल्यात मी," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. त्यावर त्याची बायको रहिमतबी म्हणायची, "शेख गार झालं, आता आपल्या घरातला पंखा तेवढा फिरवा."

मे महिन्यातल्या एका सकाळी एक पांढरी गाडी दारात येऊन थांबली. गाडी क्रांती चालवत होती. साताऱ्यातच सरकारी कचेरीत नोकरीला, तिशीतली, बोलायला मोजकी. शेजारी तिचे वडील लालासाहेब. फलटणच्या अलीकडं त्यांचं गाव, उसाचा मळा, देहानं उंच, आणि डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः गाडी चालवणं बंद. बापलेक दोघंही घामानं निथळत होते.

"शमशेरभाई, एसी गार करंना झालाय," लालासाहेब उतरता उतरताच म्हणाले. "फलटणला ग्यास भरून घेतला, परत दुसऱ्याकडनं भरून घेतला. हाय तसंच हाय."

"कवापास्नं?"

"माघापास्नं म्हणा."

"आवं आबा, मग मेपातुर काय अंडी उबवत बसला?"

लालासाहेब हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "तवा कुणाला सुचतंय. तवाच आमची मंडळी गेली. आता शनवारी शिवतेज येतोय रजेवर. पोरगं तिकडं वर बर्फात हाय. आईच्या मातीला येता आलं न्हाई त्याला, वाट बंद झाल्ती. तवापास्नं आता पयल्यांदा घरी येतंय. त्याला असं भट्टीत बसवून न्यायचं का?"

बोलता बोलता ते रस्त्याकडं बघायला लागले. दुसऱ्याचं दुःख समोर आलं की बढाई मारायची, ही शमशेरची जुनी खोड.

"गाडी ठिवून जावा," तो म्हणाला. "शनवारी पोरगं शाल मागंल शाल. न्हाई मागितली तर शमशेर नाव लावणार न्हाई."

किल्ली देताना क्रांतीनं मागच्या सीटकडं एकदा बघितलं आणि मग बापाला रिक्षा शोधायला रस्त्यावर गेली.

२

एसी बिघडायला कारणं मोजकीच असतात, आणि ती सगळी शमशेरला तोंडपाठ होती. त्यानं डोळे मिटले. 'टक' झालं, अगदी खणखणीत. मीटर लावलं तर दोन्ही काटे जिथं असावेत तिथंच. आत जाणारा पाइप इतका गार की त्याच्यावर घाम आलेला. गाडीखाली पाण्याचे थेंब टपटपत होते. म्हणजे मशीन गारवा तयार करत होतं, आणि झकास करत होतं.

तो आत जाऊन बसला, काचा वर घेतल्या, आणि पुढच्या जाळीसमोर तळहात धरला. वारा कोमट होता. कसा कोमट, तर तोंडाजवळ हात धरून फुंकर न मारता नुसता श्वास सोडावा तसा.

"हां, हीटरचा पडदा अडकला," तो मोठ्यानं म्हणाला. गाडीत गरम हवा आणि गार हवा यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो अर्धवट उघडा राहिला की सगळं मुसळ केरात. त्यानं अर्धा डॅशबोर्ड उतरवला. पडदा दरवाजासारखा गपकन मिटत होता. मग फिल्टर काढला, तर त्यात उंदरानं कापसाचं आणि उसाच्या पाचटाचं घरटं केलेलं. शमशेर खूश झाला. ते घरटं त्यानं चहाच्या टपरीपर्यंत मिरवत नेलं आणि फलटणच्या मेकॅनिकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परत येऊन सगळं जोडलं, एसी लावला, हात धरला.

वारा तसाच कोमट.

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा जरा राग आला. गाडीचा नव्हे, गणिताचा. पाण्याच्या पाइपाला भोक असलं तर निदान रान तरी भिजतं. गारवा तयार होतोय, आणि जाळीतनं बाहेर येत नाही, मग जातोय कुठं? विचार करत तो बराच वेळ तसाच आत बसून राहिला. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. मानेच्या मागं मात्र, सीटच्या डोकं टेकायच्या भागाच्या पलीकडं, त्याला काहीतरी बरं वाटत होतं. उन्हातनं येऊन माठाजवळ बसल्यावर वाटतं तसं. दमल्यामुळं असेल म्हणून तो उठला आणि गॅरेजचं शटर ओढलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल म्हणून त्यानं गाडी घरी नेली. रहिमतबीला बाजारात जायचंच होतं. ती पुढं त्याच्या शेजारी बसली आणि बाजार येईपर्यंत तिचं तोंड चालू राहिलं.

"ह्याला एसी म्हणायचं का चूल? ह्याच्यावर भाकरी थापते मी."

"थाप. पयली भाकरी मला."

खाटकाकडून मटण घेतलं, मंडईतून कोथिंबीर घेतली, आणि पिशवी तिनं मागच्या सीटवर डाव्या बाजूला ठेवली. घर आलं. रहिमतबीनं मागं वळून पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"आवं, हे हाताला चिकटतंय."

शमशेरनं पिशवी घेतली. मटण दगड झालं होतं. दगड म्हणजे दगड. ओट्यावर ठेवलं तर ठक्कन वाजलं. कोथिंबीर काळी पडली होती आणि हात लावला की काडीसारखी तुटत होती.

"खाटकानं फ्रीजमधलं दिलं असंल," तो म्हणाला.

"माझ्या डोळ्यांसमोर कापलंय. पिशवीत घातलं तवा ऊन ऊन लागत हुतं." रहिमतबीचा आवाज खाली आला होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ही गाडी परत देऊन टाका बघू."

"दुरुस्त न करता? शमशेर मुलाणी?"

जेवण तसंच टाकून तो खाली गेला. मागचं दार उघडलं. थर्मामीटर सीटवर ठेवला आणि बघत उभा राहिला. आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि मग थर्मामीटरची पट्टीच कोरी झाली. त्यानं हात पुढं केला. अर्ध्या सीटपर्यंत मे महिना होता. तिथून पुढं, एका सरळ रेषेत, पाण्यात हात घालावा तसा गारवा सुरू होत होता. त्यानं हात वर नेला, खाली नेला, बाजूला नेला. त्या गारव्याला कडा होत्या. खाली सीटची रुंदी, मध्ये जरा बारीक, वर बसल्या माणसाच्या डोक्याएवढी उंची. त्याच्यावर परत उकाडा.

शमशेरनं हात काढून घेतला आणि पँटला पुसला. ओला नव्हता, तरी पुसला.

तळातून मागं हवा नेणारा एखादा पाइप असेल आणि तो फुटला असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. ह्या गाडीला मागं एसीची जाळीच नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी बजावलं.

४

दुपारी गॅरेजमध्ये त्यानं मागची सीट उचलून काढली. खाली पत्रा, धूळ, शेंगदाण्याची फोलपटं. पाइप नाही, भोक नाही, काही नाही. सीट काढून बाहेर उन्हात ठेवली तर ती चार सीटांसारखी तापली. गारवा मात्र गाडीतच, होता त्याच जागी, खाली सीट नसताना अधांतरी तसाच बसून राहिला होता.

शमशेरनं सीट परत बसवली. त्यानं ती इतक्या घाईनं बसवली की एक बोल्ट खाली राहिला.

मग त्याचं लक्ष कव्हरकडं गेलं. सीटकव्हर नवं होतं, पण डाव्या बाजूला डोकं टेकायच्या भागावर ते नीट बसत नव्हतं, आत काहीतरी फुगीर होतं. त्यानं चेन उघडून कव्हर वर सरकवलं. तिथं हिरव्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी गुंडाळलेली होती. मागं दोन्ही दांड्यांतून ओवून, करकचून, गाठीवर गाठ मारलेली. पुढचा भाग सैल पडून लोंबत होता. जेवढा सैल होता, तेवढ्यात एक कपाळ मावलं असतं.

शमशेरनं पकडीनं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. पकड बोटांना चिकटली. त्यानं कव्हर खाली ओढलं, चेन लावली आणि क्रांतीला फोन केला. आपण फोनवर ओरडून बोलतोय हे त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

५

क्रांती कचेरी सुटल्यावर आली. उन्हं कलली होती, पण गॅरेजचा पत्रा अजून तापलेला होता. शमशेरनं तिला स्टुल दिलं, चहा मागवला, आणि आधी मशीनचंच बोलला. मग चेन उघडून पट्टी दाखवली.

ती बघत राहिली. "ही मीच बांधली," ती म्हणाली. "आईच्याच लुगड्याची हाय."

शमशेरनं कव्हरची चेन परत लावली.

"पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. भाड्यानं डायवर घेतल्ता, आबा पुढं, मी आणि आई मागं. घाटात तिची मान पडली. वळणावर डोकं आदळायला लागलं काचंवर, म्हणून मी बांधलं." क्रांती अगदी हळू, एकेक शब्द ठेवून बोलत होती. "शिवाला फोन लावला. लागला एकदाचा. म्हणला, मी निघतो, मी येईस्तवर आईला नेऊ नका. आमच्याकडं पोरं फौजेत असत्यात, तवा वाट बघायची पद्धतच हाय. बर्फाची पेटी असती गावात. पण ती नेमकी दुसऱ्या गावाला गेल्ती."

"मग?"

"मग तिला गाडीतनं काढलंच न्हाई. अंगणात गाडी उभी केली आणि एसी फुल सोडला. रातभर आणि दुसरा दिवसभर. मी शेजारी बसून. बायका यायच्या, काचंतनं बघायच्या, रडायच्या. आबा सारखं खिडकीशी वाकायचं आणि तिला सांगायचं, साळू, पोरगं येतंय, थांब. जाऊ नगंस, त्याला बघितल्याबिगर जाऊ नगंस." चहावर साय धरली होती. "शिवाची वाट उघडलीच न्हाई. सांजच्याला भावकीनं सांगितलं, आता बास. उचलताना मग सगळी घाई झाली. रडारड, गडबड. तिला कुणी काय सांगितलंच न्हाई, भाई. पोरगं येत न्हाई, आता तू जा, असं कुणीच म्हणलं न्हाई तिला."

बाहेर एक ट्रक गेला.

"ताई, मी मशीन बगतो," शमशेर शेवटी म्हणाला. "बाकीचं मला कळत न्हाई. मशीनमधी काय तरी हाय, ते सापडंल."

"शनवारची सुट्टी रद्द झालीया माझी," क्रांती उठत म्हणाली. "आबांसंगं तुमी जाल का गाडी घेऊन स्टेशनवर? तुमी असला की बरं." जाताना तिनं मागच्या काचेवर हात ठेवला आणि लगेच काढला.

६

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून शमशेर गॅरेजवर आला तेव्हा आसपासची दुकानं जेवणासाठी बंद होती. गाडी आत सावलीत उभी होती. त्यानं सकाळपासून पुन्हा सगळं तपासलं होतं. तपासायला काही उरलं नव्हतं. उद्या दुपारी लालासाहेब येणार आणि गाडीत घाम पुसत बसणार, आणि त्यांना सांगायचं काय? शमशेरला जमलं नाही? आख्ख्या साताऱ्यात ही गोष्ट चवीनं सांगितली गेली असती.

तो पुढं बसला, इंजिन चालू केलं, एसी लावला. कोमट श्वास तोंडावर आला. आरशात मागची सीट दिसत होती, रिकामी.

पुढं जे झालं ते त्यानं विचार करून केलं नाही. मनापासून तर अजिबात नाही. अडलेल्या बोल्टशी बोलावं तसंच तो बोलला. पण बोलला.

"साळूबाई," तो आरशाकडं बघून म्हणाला, "उद्या तुमचं पोरगं येतंय. मी सोता आणून तुमच्या शेजारी बसवतो. शमशेरचा शब्द हाय. पण तेवढी माझी लाज राखा."

एक क्षणभर काहीच झालं नाही. मग जाळीतून गार वारा आला. आधी बोटांना लागला, मग गळ्याला, मग कपाळाला. असा गार की आखातातल्या नव्याकोऱ्या गाड्यांतही त्यानं तसा अनुभवला नव्हता. शमशेर मोठ्यानं हसला. स्टिअरिंगवर थाप मारली. "आयला, जमलं की!" तो म्हणाला, आणि त्याच दमात त्याचं हसू मावळलं.

दुसऱ्याचं पोरगं त्यानं कबूल केलं होतं. आपल्या खिशात नसलेलं नाणं त्यानं बिनदिक्कत देऊन टाकलं होतं, आणि समोरच्यानं ते घेतलंही होतं. मागं वळून सीटवर हात ठेवून बघावा असं त्याला वाटलं. पण त्यानं ते केलं नाही.

७

शनिवारी निघताना शमशेरनं हत्यारांची जड पेटी मागच्या सीटवर उजव्या बाजूला ठेवली. पोराला पुढं बसवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण लालासाहेबांचा गुडघा दुखत होता, आणि गार वारा लागल्यावर ते पुढच्या सीटवर असे काही पसरले की त्यांना उठवणं कठीण झालं.

"वा रं गड्या! काश्मीर केलंस की!"

"मग? शेखांच्या गाड्या..." शमशेर म्हणाला, पण वाक्य काही पुरं झालं नाही.

स्टेशनवर शिवतेज खांद्यावर सॅक टाकून उभा होता. उन्हानं आणि बर्फानं रापलेला, गालफडं वर आलेली, बापाएवढाच उंच. बापलेकांची गळाभेट झाली तेव्हा शमशेर दुसरीकडं बघत राहिला. मागं वळला तोवर शिवतेजनं स्वतःच मागचं उजवं दार उघडलं होतं, हत्यारांची पेटी उचलून खाली पायांशी ठेवली होती आणि तो आत बसला होता.

"दादा, तुमी पुढं बसा," शमशेर घाईनं म्हणाला. "मागं एसी लागत न्हाई."

"लागतोय की," शिवतेज म्हणाला. "लय भारी लागतोय." त्यानं डोळे मिटून घेतले. "आईच्या अंगाचा वास येतोय गाडीला अजून. व्हय आबा?"

लालासाहेब समोर बघत राहिले. "येतोय," ते म्हणाले.

वाठार येईपर्यंत शिवतेज काहीबाही विचारत होता. ऊस, पाणी, म्हैस, क्रांतीच्या लग्नाचं. मग त्याचे शब्द लांबले आणि बंद झाले. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना भाजलेलं माळरान, एक झाड नाही. शमशेरनं आरशात बघायचं टाळलं. मग बघितलं.

शिवतेज झोपला होता. त्याचं डोकं डावीकडं कललं होतं आणि टेकलं होतं. कशाला, ते आरशात दिसत नव्हतं, कारण तिथं काहीच नव्हतं. बसल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर ते अधांतरी टेकलेलं होतं. शमशेरनं मुद्दाम गाडी खड्ड्यात घातली. पोराचं सगळं अंग हललं, डोकं मात्र हललं नाही. आणि त्याच्या रापलेल्या गालावर, बोट दाबल्यावर कातडी पांढरी पडते तसे, चार लांबट पांढरे ठसे होते. शमशेर बघत असताना ते गालावरून सावकाश कानामागं गेले, आणि परत गालावर आले.

८

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आबा, मागं बगा."

लालासाहेब वळले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि त्या हसण्याला शमशेर जेवढा भ्याला तेवढा त्या पांढऱ्या ठशांनाही भ्याला नव्हता.

"झोपू द्या," लालासाहेब कुजबुजले. "लय दिसांनी निजलंय पोरगं."

"ओठ बगा त्याचं. निळं पडल्यात."

शिवतेजच्या नाकातून वाफ येत होती, आणि दर वेळी ती आधीपेक्षा थोडी येत होती. शमशेरनं एसी बंद केला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली. जाळीतून वारा येतच राहिला. तो उतरला, धावत जाऊन मागचं दार ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, काचेवर बुक्क्या मारल्या. दार उघडलं नाही आणि पोरगं जागं झालं नाही. तो परत पुढच्या दाराशी आला.

"आबा, थांब म्हणून तुमीच सांगितलंया तिला. आता जा म्हणून तुमीच सांगा. माझं न्हाई ऐकायची ती. मी काल..." त्याला ते सांगवलं नाही. "सांगा लवकर!"

लालासाहेबांचं हसू गेलं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"न्हाई म्हणवत रं मला," ते म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं तिला मी एकटीला कुठं धाडली न्हाई. माहेरी सुदिक न्हाई. एकटीला जा म्हणून कसं सांगू?"

मग ते उतरले. गुडघा धरून, सावकाश, बॉनेटला हात टेकत फिरून आले. मागच्या उजव्या दाराला त्यांनी हात लावला आणि ते सहज उघडलं.

"घे पोराला," ते म्हणाले.

शमशेरनं शिवतेजला काखेत हात घालून ओढलं. अंग लाकडासारखं ताठ होतं. गाडीला वळसा घालून त्यानं त्याला पलीकडं, डाव्या बाजूला रस्त्याकडेच्या धुळीत नेऊन निजवलं, भर उन्हात. मागं लालासाहेबांचा आवाज आला. घरात, पाटावर बसताना बोलावा तसा साधा आवाज.

"सरक गं जरा."

आणि दार लागलं.

ऊन शिवतेजच्या अंगावर पडलं तसा तो कापायला लागला. दात वाजायला लागले, ओठांना रंग आला. शमशेर त्याचे तळहात चोळत होता आणि तोंडानं जे आठवेल ते पुटपुटत होता. शिवतेजनं डोळे उघडले. आधी आभाळ बघितलं, मग शमशेरला, मग गाडीकडं.

गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. बाहेर डांबर वितळत होतं. तापल्या काचेवर आतून धुकं धरत नाही, हे शमशेर कुणालाही पैजेवर सांगू शकला असता. त्याच्या देखत ते धुकं दाट होत गेलं, इतकं की आतलं काही दिसेनासं झालं. मग मागच्या डाव्या काचेवर, बसल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला, कुणीतरी आतून तळव्यानं गोल गोल पुसलं. तेवढीच जागा स्वच्छ झाली. तिच्यातून पलीकडं बसलेले लालासाहेब दिसत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ती जागा नेमकी शिवतेजच्या समोर होती.

शिवतेज तिच्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "भाई," तो म्हणाला, "आबा एकटंच हायेत न्हवं आत?"

शमशेरचे कान गाडीकडं लागले होते. वारा बंद झाल्याचा आवाज त्यानं आयुष्यभर हजारदा ऐकला होता, तसाच तो आता आला. काचेवरचं धुकं कडेकडून आटत गेलं आणि नाहीसं झालं. दारं नुसत्या बोटानं उघडली. आतून उकाड्याची झळ तोंडावर आली, मे महिन्यात कुठल्याही बंद गाडीतून येते तशी.

लालासाहेब सीटच्या मधोमध सरकून, मान जराशी डावीकडं कलती करून, डोळे मिटून बसले होते. शमशेरनं नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. पण त्याच्या स्वतःच्याच बोटांत ठोके इतके उडत होते की कुठला कुणाचा ते कळेना. त्यानं त्यांच्या कपाळाला हात लावला, मग छातीला. मागं शिवतेज धडपडत उठून उभा राहिला होता आणि विचारत होता, "काय हाय भाई? आबा कसं हायेत?"

नुसता हात लावून जितं मशीन कुठलं आणि मेलेलं कुठलं ते सांगणारा शमशेर हात तसाच ठेवून उभा राहिला. कपाळ गरम होतं. पण त्या दुपारी सीटही तेवढीच गरम होती.